पडद्यावरची पावडर

सांगणार: दत्तात्रय सुतार, प्रॉपर्टीवाले, शिवाजी पेठ, कोल्हापूर

माझं नाव दत्तात्रय सुतार, पण पेठेत ह्या नावानं इचारलासा तर कोण सांगायचं न्हाय, प्रॉपर्टीवाला दत्तू म्हणून इचारा, न्हायतर ह्या चार-पाच वर्षांत एक नवीन नाव पडलंय, पावडरमामा, त्या नावानं इचारलासा तर शाळंतलं पोरगं बी तुमाला दारापतूर आणून सोडंल. तुमाला बी तसंच कुणीतरी आणून सोडलं असणार. हसाय लागलासा म्हंजे तसंच. हसा की, मला काय वाटत न्हाय आता.

आमचा बा सुतारच, जातीनं बी अन् कामानं बी. स्टुडिओत सेट लावायचा. लाकडाचा खांब, लाकडाचंच सिंहासन, त्येला वरनं सोनेरी कागद, पडद्यावर बघितलं की राजवाडा. मी अकरावीत नापास झालो, मग दोन वर्षं फौंड्रीत काढली, तितं हात भाजला, ह्यो बगा डाग, तवा बा म्हणाला चल माझ्यासंगं, तितं काय भाजत न्हाय. असा मी ह्या धंद्यात आलो. प्रॉपर्टी म्हंजे जमीनजुमला न्हवं बरं का पावणं. सिनेमात नट हातात जे काय घेतो ते सगळं प्रॉपर्टी. तांब्या, तलवार, चष्मा, पत्र, पिस्तूल, फुलांची परडी. ते आणायचं, बनवायचं, नटाच्या हातात द्यायचं अन् शॉट झाला की परत घ्यायचं, ही आमची नोकरी. चाळीस वर्षं केली. दारू म्हंजे कोरा चहा. रक्त म्हंजे काकवी अन् खायचा लाल रंग, कारण ते नटाच्या तोंडात जातं, तितं भलतंसलतं चालत न्हाय. माझा एक नेम हुता, नटाच्या पोटात न्हायतर डोळ्यात जाणारी वस्तू पयल्यांदा मी माझ्यावर करून बघणार. कुणी सांगितलं न्हवतं, आपलंच.

आता पावडरीचं सांगतो, तुमी त्येच्यासाठीच आलासा. आधीच्या सिनेमात बी पावडर असायची. खलनायकाचा अड्डा असायचा, पेटी उघडायची, आत पांढऱ्या पिशव्या, त्यो चाकूनं पिशवीला भोक पाडायचा, बोटानं जिभंला लावायचा अन् मान हलवायचा, बास, तेवढंच. ती पिशवी म्हंजे मैदा. मग हिरो यायचा, सगळी पावडर उधळायचा, सगळ्यांची डोकी पांढरी, मारामारी. हिरो त्या पावडरीला कवा हात लावायचा न्हाय, ते काम वाईट माणसाचं. अन् वाईट माणूस बी ती खायचा न्हाय, नुसता इकायचा. मी एवढे सिनेमे केले, नाकानं ओढतानाचा एक शॉट न्हवता त्यात. मग ह्या मोबाईलवरच्या मालिका आल्या अन् हिरोच ओढाय लागला. मी चांगलं-वाईट म्हणत न्हाय, मी फक्त प्रॉपर्टीच्या बाजूनं सांगतोय काय बदल झाला ते.

तर असा एक डिरेक्टर आला पुण्याचा, वय तीस-बत्तीस, चांगलं पोरगं, बोलायला गोड. त्येची मालिका कोल्हापुरातल्या एका गुंडावर हुती. मला म्हणाला मामा, कोकेन लागेल. मी म्हणलं लागंल तेवढं देतो. म्हणाला तसं नाही, जवळनं दिसणार आहे, काचेवर रेघ ओढणार, कागदाची सुरळी करून नाकानं घेणार, लोकांना खरं वाटलं पाहिजे. मी म्हणलं मी काय खरी बघितली न्हाय. तर म्हणाला कोणी बघितलीय मामा, लोकांनी पण सिनेमातच बघितलीय, तसं दिसलं की झालं.

मग मी घरी लागलो. मैदा ओढला नाकानं, त्येचं आत पीठ मळल्यागत झालं, दिवसभर शिंकत बसलो, आमची मंडळी म्हणाली ह्या वयात काय ह्यो खेळ. अंगाला लावायची पावडर घेणार हुतो, तर कान-नाकाच्या डॉक्टरनं शिव्या घातल्या, म्हणाला फुफ्फुसात जाऊन बसंल. पिठीसाखर झोंबती. शेवटी एका औषधाच्या दुकानदारानं सांगितलं, गोळ्या बनवताना त्यात दुधाची साखर घालतात, ती घ्या, कायबी करत न्हाय. त्यात मी चिमूटभर ग्लुकोज घातलं, कारण ग्लुकोज लाइटखाली चमकतं. अन् वर आणि एक युक्ती केली, थंडीत ओठाला लावतात ते मलम नळीच्या आतनं लावायचं, म्हंजे ओढलं की पावडर नळीतच चिकटती, नाकापतूर जातच न्हाय. नटाचं तोंड तेवढं करायचं. मी सोता आठ-दहा येळा ओढून बघितलं. काय झालं न्हाय. मग दिलं.

ज्येला दिलं त्यो संग्राम. त्येचं सांगायला पायजे. आमच्याच पेठेतला, मागच्या गल्लीतला. त्येचा बा माझा तालमीतला दोस्त, लवकर गेला बिचारा, आई शालन वैनी प्राथमिक शाळंत बाई, तिनं एकटीनं वाढवलं ह्येला. पोरगं फुटबॉलला गोलकीपर, अंगानं असं दांडगं, आणि एका मॅचमदी बूट बसून नाक मोडलेलं, वाईच वाकडं. नाटकातनं काम करायचा. डिरेक्टरनं त्या वाकड्या नाकावरच त्येला घेतला, म्हणाला हाच माझा गुंड. मी त्येला काच, नळी, पट्टी सगळं हातात देऊन दाखवलं, असं धर, असं वाक, असं डोकं मागं टाक. त्यो म्हणाला मामा मला आधी जिभंला लावून बघू दे. लावलं, म्हणाला, अरे, गोड हाय. आम्ही सगळी हसलो.

ती मालिका एवढी चालली, काय सांगू तुमाला. त्यो रेघ ओढायचा अन् डोकं मागं टाकून म्हणायचा, आता बोल भावा. एवढाच डायलॉग. पण त्येचं पोरांस्नी खूळ लागलं. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेवाल्यानं तो डायलॉग घालून गाणं केलं, दुपारी उन्हात पोरं हातावर चुना घेऊन रेघ ओढल्यागत करायची अन् डोकी मागं टाकायची. टी शर्ट निघाले. न्हाव्याच्या दुकानात संग्रामचा फोटो, त्येच्यागत कापून दे म्हणायची. अन् मालिकेवाल्यांनी शूटिंग कसं केलं त्येचा एक व्हिडिओ काढलता, त्यात मी. संग्रामचं डोकं मागं धरून शिकवतोय, अन् कॅमेऱ्यापुढं पुडी फोडून, बोट चाटून, मी म्हणतोय, काय न्हाय हो, गोड हाय. तो बी व्हायरल झाला. तवापासनं मी पावडरमामा. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं. चाळीस वर्षं मागं उभा ऱ्हायलेला माणूस मी, माझं नाव कवा पडद्यावर आलं तर शेवटाला, लोकं उठून चालाय लागल्यावर. आता हॉटेलात चहा पाजायची लोकं.

माझी नात सई, तवा आठ वर्षांची. दिवाळीच्या करंज्या चाललेल्या, आमच्या मंडळीनं पिठीसाखर ताटात काढलेली. सईनं बापाचं एटीएम कार्ड आणलं, ताटात साखरंची रेघ ओढली, पेनाची रिकामी नळी नाकाला लावली अन् डोकं मागं टाकून म्हणाली, आता बोल भावा. घर सगळं हसलं. हिनं परत कराय लावलं, मोबाईलवर काढाय. मी बी हसलो. तुमाला वाटत असंल मला तवा काळजात काय झालं असंल, तर न्हाय, काय झालं न्हाय. पोरगीनं हुबेहूब केलंय एवढंच वाटलं. नळी धरायची तऱ्हा माझी हुती.

दीड वर्षानं दुसरा भाग आला. तवर संग्राम मुंबईला ऱ्हायला गेलता. शूटिंग कबनूरला, एक बंद पडलेली कापडाच्या मागाची शेड भाड्यानं घेतलती, आत माग तसेच उभे, वर ताडपत्र्या, पत्र्याच्या भोकातनं ऊन यायचं अन् त्यात कापसाचं तूस तरंगायचं. संग्राम आला तवा मी वळखला न्हाय पयल्यांदा. गालफडं बसलेली. गाडीतनं उतरला, पाया पडला, मामा कसं हाय म्हणाला, सगळं बोलणं चांगलं, पण दर अर्ध्या तासानं गाडीत जायाचा, आला की एकदम गडबडीत बोलायचा, घाम. नाकातनं रक्त आलं एकदा. म्हणाला, जुनी दुखापत मामा, फुटबॉलची. मला पटलं. नाक मोडलं तवा मीच त्येला दवाखान्यात नेलतं, मग मला पटणारच की.

चौथ्या दिवशी सकाळी अकराचा शॉट. मी काचेवर तीन रेघा ओढून ठेवल्या, नळी ठेवली. संग्राम म्हणाला मामा, घोटभर पाणी आणता का. आणाय गेलो अन् आलो. काच बघितली तर रेघा तीनच, पण माझ्या न्हवत्या. तुमाला कसं सांगू, चाळीस वर्षं माणूस एखादं काम करतो तवा आपल्या हातचं कळतं त्येला. माझी रेघ चमकती, ही मेलेली दिसत हुती, बारीक गुठळ्या. नळी बी दुसरी, आत मलम न्हाय. मी बोट लावलं अन् जिभंवर ठेवलं. कडू. अन् जरा येळानं जिभंचा शेंडा बधिर झाला, दाढ काढताना सुई देतात न्हवं, तसा.

मी तशीच काच उचलली अन् शेडबाहेर नळ हुता तितं गेलो अन् धुतली. मागनं डिरेक्टर वरडाय लागला, मामा, शॉट रेडी आहे, कुठं चाललाय. संग्राम पळत आला. माझं मनगट धरलं, पण तवर काच धुऊन झालती, पाणी सगळं गटारीला गेलं. त्यो तितंच वल्ल्या सिमेंटवर बसला. एवढा मोठा गडी. म्हणाला, मामा, ती तुमची न्हवती.

मी म्हणलं, ठाऊक हाय.

मग ओतलीसा कशाला?

माझ्या काचेवर हुती म्हणून.

संग्रामनं तोंडावर पाणी मारलं. मग म्हणाला, आईला सांगू नका. मी म्हणलं कवापासनं चाललंय. म्हणाला, पयला भाग चालला तवापासनं. मुंबईत ज्या त्या पार्टीत गेलो की लोकं म्हणायची तो सीन करून दाखव. पयल्यांदा साखरच दिली त्यांनी, मजेत. मग एकानं खरी दिली. मला वाटलं करून बघू, सीनला उपयोग हुईल. मी म्हणलं सीन तर झालता की. त्यो उठून आत चालाय लागला.

मी आत जाऊन माझ्या रेघा ओढल्या, माझी नळी दिली अन् त्येनं शॉट दिला. अन् काय दिला म्हणता. साखर ओढली त्येनं, पण डोळं असं झालं की युनिटनं टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या न्हाय वाजवल्या, मी काच परत घेतली.

डिरेक्टरला मी जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेऊन सांगितलं. त्येनं ऐकून घेतलं. म्हणाला, मामा, मला कल्पना आहे. आठ दिवस राहिलेत, काम नीट करतोय ना तो? तुम्ही तुमचं बघा. मग मी आठ दिवस माझं बघितलं. रोज काच माझ्या हातातनं सोडली न्हाय एवढंच केलं. गाडीत त्यो काय करतो ते माझ्या काचेवर न्हवतं. आता तुमी म्हणाल काम सोडून यायचं हुतं. व्हय, यायचं हुतं. न्हाय आलो.

शूटिंग संपल्यावर मी शालन वैनीकडं गेलो. त्येनं सांगू नका म्हणलतं, तरी गेलो. बाई रिटायर झालती, सोप्यात बसून मेथी निवडत हुती. मी सगळं सांगितलं, कबनूर, काच, जीभ, सगळं. तिनं हातातली काडी खाली ठेवली न्हाय, तशीच निवडत ऱ्हायली. माझं संपल्यावर म्हणाली, भावजी, तो व्हिडिओ मी बघितलाय. पोरं-पोरी मला रस्त्यात दाखवत्यात, बाई बघा तुमचा संग्राम. त्यात तुमी त्येचं डोकं मागं धरून शिकवताय. तुमीच दिलीसा की पयल्यांदा. मी म्हणलं वैनी, ती साखर हुती. ती म्हणाली, ओढायला तर शिकवलंसा न्हवं. अन् उठून आत गेली. मी दार वढून घेतलं अन् आलो. त्या दिवसापासनं वर्षभर मी त्या गल्लीतनं गेलो न्हाय, देवळाला जायाचं तर लांबनं फिरून.

वर्षानं मुंबईत एका फ्लॅटवर पोलिसांनी धाड टाकली, त्यात ह्यो सापडला. त्येच्याजवळ थोडीच सापडली, पण बातमी मोठी झाली. तीन-चार दिवस टीव्हीला दुसरं काय न्हवतं. अन् दाखवायचे काय, तर मालिकेतला तो सीन. खाली लिवलेलं, नटाचा नशेचा खेळ, अन् वर चाललीय माझी दुधाची साखर. मी न्हाव्याच्या दुकानात दाढीला बसलतो, त्येला म्हणलं अरे ते माझं हाय, ग्लुकोज घातलंय त्यात. तो म्हणाला मामा, हलू नका, लागंल.

पुढं ऐका. त्येच्या जबाबात आलं की पयली पावडर त्येला कोल्हापुरात प्रॉपर्टीवाल्यानं, म्हंजे मी दिली, त्येला वाटलं खोटी हाय. त्येनं सोता सांगितलं का वकिलानं सुचवलं, ते मी त्येला कवा इचारलं न्हाय. एका दिवशी सकाळी धाच्या सुमाराला साहेब अन् दोन पोलीस दारात. नीट वागले, पायताण बाहेर काढून आत आले. पण घरात पांढरं दिसंल ते सगळं घेतलं. माझा ग्लुकोजचा डबा, दुधाची साखर, मैदा, शाडू, खोटं बर्फ करायचा थर्माकोलचा चुरा, रांगोळी, हिची आरारूटची बरणी, सईची तोंडाला लावायची पावडर. सगळ्याला लाख लावून सील. ही दारात उभी ऱ्हाऊन म्हणत्या, साहेब, आरारूट उपासाला लागतंय. ते म्हणाले मावशी, परत मिळेल.

मला तीन दिवस सकाळी बोलवायचे अन् संध्याकाळी सोडायचे. चहा द्यायचे. साहेबांनी इचारलं, तुम्ही म्हणता तुम्ही खोटी बनवली, मग खरी कशी दिसते हे तुम्हाला कसं माहीत? मी म्हणलं साहेब, सिनेमात बघून. ते म्हणाले, सिनेमात कोण बनवतं? मी म्हणलं, मीच. लिवून घेणारा हवालदार हसाय लागला, साहेब हसले न्हाईत. मग त्यांनी इचारलं, शूटिंगच्या वेळी खरी पावडर कधी पाहिली का?

आता हितं मी अडकलो पावणं. न्हाय म्हणलं तर सुटत हुतो, कबनूरचं ठाऊक असणारी माणसं माझ्याबिगर तीनच, संग्राम, वैनी अन् डिरेक्टर, त्यातला डिरेक्टर तर बोलणार न्हाय. व्हय म्हणलं तर संग्राम अजून खोलात, अन् मी बी. मी पाणी मागितलं. प्यालो. अन् सगळं सांगितलं, जिभंला लावलेलं बी. का सांगितलं तर मला खोटी वस्तू करता येती, खोटं बोलायची सवय न्हाय, बोललो तर तिसऱ्या प्रश्नाला सापडणार, एवढीच गोष्ट हाय, लई मोठेपणाचं काय न्हाय त्यात. साहेबांनी लिवून घेतलं अन् म्हणाले, मग तेव्हाच आमच्याकडे का आला नाहीत? मी दाखवलं तितं सही केली. 

पाच-सहा महिन्यांनी तपासणीचा कागद आला. साखर, साखर, पीठ, माती, दगडाचा भुगा. केसमदनं माझं नाव कमी झालं. डबे परत आले, आरारूटला तवर किडं झालतं. पण काम बंद झालं ते झालंच. कुणी तोंडावर म्हणायचं न्हाय, पण फोन येईना. आता शाळंच्या गॅदरिंगची कामं करतो, ढाल, तलवार, मुकुट. बरं चाललंय.

संग्रामला जामीन झाला, उपचार घेतो म्हणाला तर गारगोटीच्या पुढं एक व्यसन सोडवायचं केंद्र हाय, तितं ठेवला. अन् मग एका रविवारी सकाळी शालन वैनी माझ्या दारात. दोन वर्षांनी. हातात डबा, एसटीला निघालेली. आत आली न्हाय. माफी न्हाय, कायबी न्हाय. म्हणाली, भावजी, माझ्यासंगं चला. मी म्हणलं, मी कशाला वैनी, त्येनं माझं नाव घेतलंय, मी बी त्येचं घेतलंय. ती म्हणाली, म्हणूनच. तेत्तीस वर्षं मी पोरं शिकवली, पोरगं खोटं बोललं की मला दारातनं कळायचं. माझ्या पोटचं कळत न्हाय. त्येनं माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली अन् दुसऱ्या दिवशी परत केलं. तुमी त्येला कॅमेऱ्यापुढं बघितलंय अन् मागं बी बघितलंय. तुमी येऊन बघा फक्त.

गेलो. एसटीत ती खिडकीकडं, मी इकडं, मदी डबा. दीड-दोन तासाचा रस्ता. तितं फणसाच्या झाडाखाली बाक हुता, त्यावर त्येला आणून बसवला. अंग भरलं हुतं जरा. डब्यातली पोळी खाल्ली. मग माझ्याकडं वळला अन् हात जोडले, म्हणाला मामा, तुमचं नाव घ्यायला नको हुतं. रडला. आईला म्हणाला आता न्हाय करणार. अर्धा तास बोलला, सगळं बरोबर बोलला. मी त्येचे हात बघत बसलो, बोटं हलत हुती, पण ती आधीपासनं हलत्यात त्येची, गोलकीपर हाय.

गारगोटीच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना वैनीनं इचारलं, भावजी, खरं हुतं का? मी इचार केला लई. मग म्हणलं, वैनी, मला न्हाय कळलं. तिनं मान हलवली. म्हणाली, पुढच्या रविवारी बी येतासा न्हवं? मी म्हणलं येतो. असे आम्ही पाच महिने गेलो.

आता त्यो घरी येऊन वर्ष होत आलं. मदी एकदा चार दिवस गायब झालता, मग आपणच आला, अन् सरळ केंद्रावर जाऊन राहिला महिनाभर, कुणी न सांगता. कोर्टाची तारीख असली की जातो. सकाळी मैदानावर बारक्या पोरांस्नी गोलात उभं ऱ्हायला शिकवतो. मुंबईची लोकं आलती, म्हणाली तुझ्यावरच मालिका करू, तुझी तूच भूमिका कर, सगळं खरं-खरं दाखवू. त्येनं मला इचारलं, मामा करू का. मी म्हणलं, पावडर कोण बनवणार त्यात? म्हणाला, तुमीच की. मी म्हणलं, मी न्हाय बाबा. मग त्यो बी न्हाय म्हणाला, निदान आत्ता तरी. उद्या हो म्हणंल, त्येचं काय सांगता येत न्हाय, काम ते काम हाय.

देवानं त्येला असंच ठेवावं, अन् त्या माउलीला जरा झोप लागू दे, दुसरं काय मागणं न्हाय माझं. सई आता तेरा वर्षांची हाय, मोबाईल घेऊन बसती, काय बघती मी इचारत न्हाय, इचारलं तर सांगती असं बी न्हाय.

परवा मी दारात मुकुटाला कागद चिकटवत बसलतो, वैनी पिशवी घेऊन बाजाराला निघालती. थांबली. म्हणाली, भावजी, सकाळी मैदानावर बघितलासा त्येला? मी म्हणलं बघितला. बरा हाय न्हवं? मी म्हणलं, आज तर बरा हाय वैनी, पुढचं मी काय सांगू शकत न्हाय.

ती म्हणाली, आजचंच इचारलं की मी. अन् गेली भाजी आणाय.